अंकांचे सोबती : द. रा. कापरेकर

‘नयन’, ‘कनक’, ‘जलज’, ‘सरस’ हे शब्द डावीकडून वाचले काय किंवा उजवीकडून वाचले काय, ते तसेच राहतात. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्यही मुले याच गमतीसाठी एकमेकांना सांगतात. भाषेत अशा रचनेला विलोमपद म्हणतात. अंकांच्या जगातही अशी विलोमपदे आढळतात. १२१ ही संख्या उलट वाचली तरी १२१ च राहते. १२३२१ चेही तसेच. अशा संख्यांना आपण विलोमसंख्या म्हणू. अंकांच्या या उलटसुलट खेळात जन्मभर रमलेले आणि त्या रमण्यातूनच जगाला नव्या संख्यांची ओळख करून देणारे एक शाळाशिक्षक महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. मुंबईच्या उत्तरेस समुद्रकाठी वसलेले हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. आज ते पालघर जिल्ह्यात आहे. दत्तात्रय आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली आणि पुढे त्याचा सांभाळ वडिलांनी केला. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा मोठा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. वडिलांनी मुलाला ज्योतिष शिकवले आणि त्या निमित्ताने मुलाला आकडेमोडीची जी गोडी लागली, ती कायमची. ठाण्याच्या शाळेत शिकत असताना गणितातील कोडी सोडवण्यात आणि लांबलचक हिशेब थोडक्यात उरकण्याच्या युक्त्या शोधण्यात त्याचे तासन्‌तास जात.

पुढील शिक्षणासाठी कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. केंब्रिज विद्यापीठाच्या गणित परीक्षेत १८९९ साली ‘सीनियर रँग्लर’ हा मान मिळवणारे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे नाव या महाविद्यालयाशी जोडलेले आहे. विद्यार्थ्याने स्वतंत्र बुद्धीने केलेल्या गणितातील कामासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाने एक पारितोषिक दिले जाई. १९२७ साली ते कापरेकरांना मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. त्यांचे औपचारिक शिक्षण येथेच संपले. पदव्युत्तर अभ्यास, मार्गदर्शक प्राध्यापक, विद्यापीठातील जागा यांपैकी काहीच त्यांच्या वाट्याला आले नाही. १९३० साली त्यांनी नाशिकजवळच्या देवळाली येथे शिक्षकाची नोकरी धरली आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते तेथेच शिकवत राहिले.

देवळालीत ते सायकलवरून हिंडत. शाळेबाहेरही मुलांना शिकवत आणि तेही आपल्या खास पद्धतीने. एखाद्या नदीच्या काठी बसून अंकांच्या विचारात ते हरवून जात. बाहेरून पाहणाऱ्याला हा एक साधा मास्तर वाटावा. पण या माणसाच्या डोक्यात एक प्रश्न सतत फिरत असे : संख्येचे अंक वेगळे केले, उलटे केले, त्यांची बेरीज केली किंवा त्यांचे तुकडे केले, तर काय हाती लागते?

या शोधातील एक पहिला टप्पा आगगाडीच्या मार्गावरचा आहे. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर जुन्या जी.आय.पी. रेल्वेवर एक स्थानक आहे. आज आपण त्याला डोंबिवली म्हणतो. त्या काळी त्याचे नाव डेम्लो असेही सांगितले जाई. या ठिकाणी एका विशिष्ट प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून कापरेकरांनी त्यांना ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. गणितातल्या कल्पनेला देवाचे, राजाचे किंवा गुरूचे नाव न देता रेल्वे स्थानकाचे नाव देणारा हा माणूस किती साधा असेल, याची यावरून कल्पना येते. १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या भारतीय नियतकालिकात त्यांनी या संख्यांविषयी लिहिले. डेम्लो संख्यांचे अनेक प्रकार आहेत. त्यांतील सर्वांत देखण्या संख्या अशा :

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असे करत नऊ वेळा १ लिहून त्या संख्येचा वर्ग केला, तर १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या मिळते. जणू एखादा जिना नऊ पायऱ्या चढावा आणि तितक्याच पायऱ्या उतरावा. या सगळ्या विलोमसंख्या आहेत. पण दहा वेळा १ लिहून वर्ग केला की १२३४५६७९००९८७६५४३२१ हे उत्तर येते. ते उलट वाचले तर तेच राहत नाही. जिना मोडला.

तो का मोडला, हे समजून घेण्यासाठी गुणाकार पाटीवर मांडून पाहावा. १११ ला १११ ने गुणताना उभ्या रकान्यांत १, २, ३, २, १ एवढीच बेरीज होते. कोठेही हातचा घ्यावा लागत नाही. दहा वेळा १ असतील तर मधल्या रकान्याची बेरीज १० होते, एक हातचा शेजारच्या घरात जातो आणि दोन्ही बाजूंचा सारखेपणा नष्ट होतो. म्हणजे हा जिना उभा राहतो की कोसळतो, हे आपण दहापर्यंत मोजून हातचा घेतो यावर अवलंबून आहे.

येथे गणितज्ञांनी कापरेकरांच्या कामावर घेतलेल्या मुख्य आक्षेपाचे मूळ दिसते. आपण एकक, दशक, शतक अशी घरे करून संख्या लिहितो. या दशमान पद्धतीचा पाया दहा आहे. पण पाया दहाच असावा असा काही निसर्गाचा नियम नाही. पाया पाच घेतला, तर घरांची किंमत १, ५, २५, १२५ अशी वाढते आणि ०, १, २, ३, ४ एवढेच अंक पुरतात. पाया दोन घेतला, तर फक्त ० आणि १ या दोन अंकांत सर्व संख्या लिहिता येतात. संगणकाचे काम याच द्विमान पद्धतीवर चालते. संख्या तीच, तिचे लिखित रूप मात्र पायाप्रमाणे बदलते. उदाहरणार्थ, आपली ५८५ ही विलोमसंख्या द्विमान पद्धतीत १००१००१००१ अशी लिहिली जाते आणि तीही विलोमसंख्याच आहे. १२१ मात्र द्विमान पद्धतीत ११११००१ होते. उलट वाचल्यावर तिचे रूप बदलते. मग विलोम असणे हा संख्येचा गुण म्हणावा की तिने घातलेल्या कपड्यांचा?

इंग्लंडचे थोर गणितज्ञ आणि श्रीनिवास रामानुजन यांचे मार्गदर्शक जी. एच. हार्डी यांनी १९४० साली ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात असल्या गोष्टींविषयी आपले मत स्पष्टपणे मांडले होते. ८७१२ ही संख्या २१७८ च्या चौपट आहे आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट आहे; म्हणजे या दोन्ही संख्या आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत आहेत. चार अंकी संख्यांत असे दुसरे उदाहरण नाही. हार्डी यांच्या मते ही माहिती वर्तमानपत्रातील कोड्यांच्या सदरात शोभेल, गंभीर गणितात तिला स्थान नाही. हार्डी यांनी हे कापरेकरांना उद्देशून लिहिले नव्हते. पण भारतातील अनेक गणितज्ञांचेही असेच मत होते. कापरेकरांच्या कल्पना त्यांना क्षुल्लक वाटत आणि काही जण त्यांना हसत.

एका खेड्यावजा गावातील शिक्षकाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हती. मोठी नियतकालिके त्यांचे लेख छापायला सहजासहजी तयार नसत. कापरेकरांनी काही लेखन लहान नियतकालिकांत छापून आणले आणि उरलेल्याच्या पुस्तिका स्वतःच प्रकाशित केल्या. त्यांवर प्रकाशक म्हणून लेखकाचे स्वतःचेच नाव आणि पत्ता देवळालीचा असे. शिक्षकाच्या पगारातून हा खर्च करणे सोपे नव्हते. तरीही ते गणित परिषदांना आवर्जून जात राहिले. ज्यांनी हसायचे त्यांच्यासमोर उभे राहून ते आपले शोध सांगत. शाळा-महाविद्यालयांतून मात्र त्यांना व्याख्यानांची बोलावणी येत, कारण त्यांचे बोलणे ऐकणारा प्रत्येक जण घरी जाऊन कागद-पेन्सिल घेऊन बसे.

१९४६ साली कापरेकरांना त्यांची सर्वांत प्रसिद्ध संख्या सापडली. ती म्हणजे ६१७४. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक प्रथम उतरत्या क्रमाने लिहावेत, मग चढत्या क्रमाने लिहावेत आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हीच कृती करावी. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन पाहू.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

६१७४ वर पुन्हा तीच कृती केली तरी ६१७४ च मिळते. तेथे पोहोचलेली संख्या पुढे हलत नाही. येथे सात वजाबाक्या लागल्या. सातांहून अधिक कधीच लागत नाहीत. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत कापरेकरांनी हा शोध मांडला. पुढे १९५३ आणि १९५५ साली न्यूयॉर्कच्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात त्यांचे यासंबंधीचे लेख प्रसिद्ध झाले. आज जगभर ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

हाही दशमान पद्धतीचाच खेळ आहे, असे म्हणता येईल, आणि ते खरेही आहे. पण पाया बदलला म्हणून प्रश्न संपत नाही. उलट तो रुंद होतो. पाया पाच घेऊन चार अंकी संख्यांवर हीच कृती केली, तर सर्व संख्या ३०३२ या एकाच ठिकाणी येऊन थांबतात. पाया दोन घेतला, तर एक मुक्काम राहत नाही, दोन होतात : ०१११ आणि १००१. त्यांतील दुसरी संख्या तर विलोमसंख्याच आहे. कोणत्या पायात एकच मुक्काम मिळतो, कोणत्यात अनेक, कोणत्यात संख्या थांबतच नाहीत आणि गोल गोल फिरत राहतात, हे प्रश्न पुढे गणितज्ञांनी गंभीरपणे अभ्यासले. कपड्यांच्या निमित्ताने सुरू झालेली विचारपूस अशी शिंप्याच्या मापापर्यंत जाऊन पोहोचली.

डेम्लो संख्यांचेही तसेच आहे. पाया कोणताही असो, ११ या लिखित रूपाचा अर्थ ‘पाया अधिक एक’ असा होतो. पाया पाच असेल तर ११ म्हणजे आपले सहा आणि १२१ म्हणजे २५ + १० + १, अर्थात छत्तीस, सहाचा वर्ग. पाया आठ असेल तर ११ म्हणजे नऊ आणि १२१ म्हणजे एक्याऐंशी. तीन किंवा त्याहून मोठा कोणताही पाया घेतला, तरी ११ चा वर्ग १२१ असाच लिहिला जातो. दशमान पद्धतीत जिना नऊ पायऱ्यांवर थांबतो, तसा पाया पाच असताना तो चार पायऱ्यांवर आणि पाया आठ असताना सात पायऱ्यांवर थांबतो. म्हणजे मूळ गोष्ट दहाची नव्हतीच. दहा हे तिचे एक उदाहरण होते. इतकेच काय, हार्डी यांनी बाजूला सारलेले ९८०१ चे उदाहरणही दशमान पद्धतीपुरते नाही. पाया पाचमध्ये १०३४ ला चाराने गुणले तर ४३०१ मिळतात आणि पाया आठमध्ये १०६७ ला साताने गुणले तर ७६०१ मिळतात.

हार्डी यांचा आक्षेप यामुळे पूर्णपणे खोटा ठरतो, असे मात्र नाही. दोनाहून मोठी कोणतीही संख्या तिच्याहून एकाने लहान पायात लिहिली, तर ती ११ अशीच दिसते, म्हणजे विलोमसंख्या होते. ६१७३ हा पाया घेतला तर खुद्द ६१७४ चेही रूप ११ असेच होईल. तेव्हा एखाद्या सोयीच्या पायात विलोम असणे यात काहीच मोठेपणा नाही. प्रश्न कोणता विचारला जातो, यावर सारे ठरते. कापरेकरांपाशी उच्च गणिताची हत्यारे थोडी होती, पण चांगला प्रश्न ओळखण्याची नजर फार तीक्ष्ण होती.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे त्यांच्या ‘स्वयंभू’ संख्या. एखादी संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २३ मध्ये २ + ३ म्हणजे ५ मिळवले की २८ होतात. येथे २३ ही २८ ची जनक झाली. १०१ ला तर दोन जनक आहेत, ९१ आणि १००. पण काही संख्यांना जनकच नसतो. १ पासून १०० पर्यंत १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ या तेरा संख्या अशा आहेत. आईबापांशिवाय प्रकट झालेल्या देवाला आपण स्वयंभू म्हणतो. कापरेकरांनी तोच शब्द या संख्यांना दिला. १९६३ साली त्यांनी देवळालीहून या विषयावर पुस्तिका काढली. पुढे कोलंबिया देशातील गणितज्ञ बर्नार्डो रेकामान यांनीही या संख्यांचा स्वतंत्रपणे विचार केला, म्हणून त्यांना कोलंबियन संख्या असेही म्हणतात.

येथेही पाया बदलून पाहिला तर एक सुंदर गोष्ट उघड होते. पाया विषम असेल, समजा नऊ, तर घरांची किंमत १, ९, ८१ अशी सर्वत्र विषमच राहते. त्यामुळे संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज, दोन्ही एकाच वेळी सम किंवा एकाच वेळी विषम असतात आणि त्यांची एकत्र बेरीज नेहमी समच येते. मग विषम संख्येला जनक मिळणार कोठून? विषम पायात प्रत्येक विषम संख्या स्वयंभू ठरते. दहा हा सम पाया असल्यामुळे आपल्या पद्धतीत मात्र स्वयंभू संख्या विरळ आणि शोधून काढाव्या लागणाऱ्या आहेत.

कापरेकरांनी आणखीही संख्यांना नावे दिली. आपल्या अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो, ती ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी संख्या. १८ च्या अंकांची बेरीज ९ आणि ९ ने १८ ला भाग जातो. रामानुजन यांच्या नावाशी जोडलेली १७२९ हीसुद्धा हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १९. आणि १९ ला त्याच्याच उलट्या रूपाने, ९१ ने, गुणले की १७२९ मिळतात. १२ ही संख्या तर आठ सोडून कोणत्याही पायात लिहिली तरी हर्षदच राहते. वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केल्यावर जी संख्या परत मिळते, तिला आज ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे तुकडे केले की पुन्हा ४५.

१९६२ साली कापरेकर निवृत्त झाले. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. संसाराचा गाडा एकट्याने ओढण्यासाठी उतारवयात त्यांना गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. ज्यांची संख्या परदेशातील लेखांतून छापून आली होती, ते गृहस्थ देवळालीत शाळकरी मुलांना बेरीज-वजाबाकी समजावून सांगत होते. त्यांच्या पुस्तिका मात्र थांबल्या नाहीत.

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांविषयी आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांविषयी लिहिले. गणिताच्या मनोरंजक बाजूवर लिहिणारे गार्डनर यांचे सदर जगभर वाचले जाई आणि व्यावसायिक गणितज्ञही त्याचे वाचक होते. वयाच्या सत्तराव्या वर्षी कापरेकरांचे नाव देशोदेशी पोहोचले. ज्या कल्पनांना परिषदांत हसू मिळाले होते, त्यांवर आता शोधनिबंध लिहिले जाऊ लागले. याचा अर्थ हसणारे सगळे चुकले, असा घेण्याचे कारण नाही. कापरेकरांच्या काही गमती अखेर गमतीच राहिल्या. परंतु कोणती गंमत पुढे खोल जाईल, हे हसणाऱ्यांना आधी कळले नव्हते, हेही तितकेच खरे.

१९८६ साली देवळाली येथेच कापरेकरांचे निधन झाले. ६१७४ च्या कृतीसाठी हे वर्ष घेऊन पाहिले, तर पहिल्याच वजाबाकीत ८१७२ मिळतात. जन्मवर्षाच्या संख्येला जी ८१७२ दुसऱ्या वजाबाकीत भेटली होती, तीच ही. पुढचा रस्ता दोघींचा एक आहे.